मावशी जागेवरून गेली

ताईच्या पुढच्या खोलीत कापड बेतायचं टेबल, शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला एक खुर्ची एवढंच मावायचं. त्यात नवऱ्याने चारशे लिटरची काचेची टाकी आणून ठेवली, आणि वर म्हणाला की त्या भिंतीला तशीही काही शोभा नव्हती.

हा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून वर बघायचं काम, तेव्हा घरी आल्यावर काहीतरी उजेडातलं बघावंसं वाटतं, हे त्याचं म्हणणं. ताईचं म्हणणं असं की मग माणसाने खिडकीशी बसावं, समुद्र घरात आणू नये. पण तिच्या म्हणण्याला विचारतो कोण? मिठाच्या पिशव्या आल्या, खडक आले, निळसर उजेड पाडणारा लांबलचक दिवा आला, पाणी ढवळणारे दोन पंखे आले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ताईने त्या महिन्यात इतक्यांदा ऐकवलं की शेवटी नवराच ते तिच्याआधी म्हणून टाकायला लागला.

सगळ्यांत शेवटी आलं ते समुद्रफूल. नाव फुलाचं, पण आहे प्राणी. खाली एक जाड जांभळट पाय, त्याने खडकाला घट्ट धरून बसायचं, आणि वर बोटांसारखे शेकडो मऊ हात पाण्यात झुलवत राहायचं. आणलं तेव्हा वाटीएवढं होतं, दीड वर्षात जेवणाच्या ताटाएवढं झालं. त्याच्या हातांत दोन नारिंगी मासे राहायचे, अंगावर पांढरे पट्टे असलेले. दुसरा कुठला मासा जवळ गेला की बसलाच डंख. हे दोघे मात्र तिथेच लोळायचे आणि तिथेच झोपायचे.

सुरुवातीला ताई त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. मग एका संध्याकाळी ती तोंडात टाचण्या धरून एका झग्याची दुमड बसवत होती, आणि नवऱ्याने कोळंबीचा तुकडा चिमट्याने पाण्यात सोडला. दिवसभर ढिम्म बसलेल्या त्या प्राण्याने तो हातात घेतला आणि मग कुठे सावकाश आपलं तोंड उघडलं. तोंडात टाचण्या असल्या की ताई कधी बोलत नसे. त्या दिवशी टाचण्यांच्या फटीतून निसटलंच.

"अगदी मावशी," ती म्हणाली.

नवऱ्याचा चिमटा पाण्यातच राहिला. मावशी हा शब्द त्या घरात कितीतरी महिन्यांत कुणी उच्चारला नव्हता.

खरी मावशी म्हणजे ताईच्या आईची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ताई नऊ वर्षांची आणि धाकटी पाच. मावशीने दोघींना आपल्या घरी नेलं, स्वतःच्या लग्नाचा विषय कायमचा मिटवला आणि त्यांना वाढवलं. ताईच्या हातात कात्री दिली तीही तिनेच. शिवण उलटी करून बघितल्याशिवाय कुणाला शाबासकी म्हणून द्यायची नाही, असा तिचा बाणा. शाबासकी काय, ताईला आजवर दोनदा मिळाली होती.

तीन वर्षांपूर्वी ही मावशी आठ दिवसांसाठी ताईकडे राहायला आली आणि पाच महिने राहिली. गिऱ्हाइकांदेखत ताईच्या शिवणी उलटून बघायची. मशीनची खुर्ची रोज आपल्या उंचीची करून ठेवायची. एकदा ताई फोनवर धाकटीला हसत हसत म्हणाली, "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली." बोलून वळली तर दारात मावशी, हातात चहाचे दोन कप. मावशीने एक कप टेबलावर ठेवला, दुसरा उभ्याउभ्याच प्यायली, बॅग भरली आणि दुपारीच बसने निघून गेली. जाताना एक शब्द बोलली नाही.

तिचं घर त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून पाऊण तासावर. तो पाऊण तास तीन वर्षांत कुणालाच ओलांडता आला नाही. चूक आपली आहे हे ताईला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच फोन उचलायला हात धजत नव्हता. मोठी माणसं आहेत, त्यांनीच एकदा रागवून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं ती मनाशी म्हणायची. मावशीसाठी बेतलेला निळा कोट कपाटात तळाशी पडून होता. नुसत्या बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या. कपाट आवरताना ताई तो बाहेर काढायची, झटकायची आणि परत ठेवून द्यायची.

टाकीतल्या प्राण्याला मात्र नाव पडलं ते पडलंच. मावशीला जेवण दिलं का, मावशी आज छान फुगलीय, मावशीचं पाणी बदलायचंय, असं नवरा बिनदिक्कत बोलायला लागला. ताई वरवर चिडायची. पण नवरा कामावर गेला की मशीन चालवता चालवता तीच टाकीशी गप्पा मारायची, अमक्या बाईने माप देताना श्वास कसा रोखून धरला ते सांगायची. मावशी अशी हाक मारायला घरात कुणीतरी आहे, याचंच तिला बरं वाटायचं.

मग एका परगावी नव्या इमारतीत लिफ्ट बसवायला नवरा आठ दिवसांसाठी गेला. जाताना टाकीला कागद चिकटवून गेला. कोळंबी मंगळवारी आणि शुक्रवारी, एकच तुकडा. पाणी खुणेच्या खाली गेलं तर साधं पाणी घालायचं, मिठाचं नाही. आणि शेवटी लाल शाईत: मावशी चालायला लागली तर ओढू नकोस, पाय फाटेल आणि मरेल. पंखे बंद कर, पात्यांत गेली तर चिंधड्या होतील आणि तिच्या विषाने बाकीचेही मरतील. पण पंखे दीड तासाच्या वर बंद ठेवू नकोस, मासे गुदमरतील. मला लगेच कळव.

चालतेय कसली, असं ताई मनात म्हणाली; दीड वर्षात बोटभर हलली नव्हती ती. दुसऱ्या दिवशी एका नवरीचा पायघोळ गाऊन तयार झाला. तो जमिनीला टेकून मळू नये म्हणून तिने टाकीवरच्या दिव्याच्या दांडीला टांगला. घरात तेवढी उंच जागा दुसरी नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर खडक रिकामा! मावशी निम्मी आक्रसून थेट कोपऱ्यातल्या काचेला चिकटली होती, पंख्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर. दोन्ही मासे मोकळ्या खडकाभोवती घिरट्या घालत होते.

ताईने पंख्यांचे प्लग उपटले, घड्याळ बघितलं. पावणेदहा. नवऱ्याला फोन लावला तर लागेना. लिफ्टच्या खड्ड्यात कुठली आलीय रेंज? मग तिने ओल्या बोटांनी घाईघाईत लिहिलं: "मावशी गेली. दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. हात लावायची हिंमत होत नाही. लगेच फोन करा."

तिला लिहायचं होतं, मावशी जागेवरून गेली. एक शब्द घाईत राहून गेला. आणि मेसेज जायचा होता नवऱ्याला, तो गेला घरच्यांच्या ग्रुपवर, कारण दोन्हीकडे त्याच नारिंगी माशाचा फोटो होता. तो लावणाराही नवराच. ताईला यातलं काहीच कळलं नाही. ती चहाची गाळणी घेऊन आली आणि पंखा आणि मावशी यांच्यामध्ये आडवी धरून उभी राहिली.

धाकटी दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची. तिने वर्गात शिरता शिरता मेसेज वाचला, तिथेच रडायला लागली आणि मामेभावाला फोन केला. मामेभावाचं झेरॉक्सचं दुकान. एकाच्या शंभर करणं हा त्याचा धंदाच. मूळ कागद वाचायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. त्याने ग्रुप न बघताच ताईला फोन लावला.

"ताई, तुझी मावशी गेली गं," तो म्हणाला. "धाकटीने आत्ता सांगितलं. तू तयार राहा, मी न्यायला येतो."

ताईच्या हातातली गाळणी पाण्यात पडली.

हा आपलाच मेसेज फिरून आपल्याकडे आलाय, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. तिच्या मते तिने नवऱ्याला लिहिलं होतं, आणि आता खारट पाण्यातली मावशी तिच्या डोक्यात उरलीच नव्हती. धाकटीला कुणीतरी कळवलं, आपल्याला नाही कळवलं, एवढंच तिला समजलं. आणि तेही बरोबरच होतं. तीन वर्षं जिने विचारलं नाही तिला कशाला कोण कळवेल?

ती मशीनपाशी बसली, परत उठली. कपाट उघडून तळाचा निळा कोट काढला. मामेभाऊ येईपर्यंत नुसतं बसवत नव्हतं. सुईत दोरा ओवायला पाच वेळा हुकली. मग उजवी बाही जोडायला घेतली, आणि डोळे पुसत, शिवण वाकडी जातेय की सरळ ते न बघता जोडत गेली.

"एक फोन करायला काय झालं होतं मला," ती त्या बाहीला म्हणाली. "तिने मला चालायला शिकवलं, शिवायला शिकवलं, आणि मी तिला पाहुणी म्हटलं."

बाही जोडून झाली. मामेभावाचा पत्ता नव्हता. घड्याळात दहा पस्तीस झाले आणि दाराची बेल वाजली. ताई तशीच कोट हातात घेऊन दार उघडायला गेली.

दारात मावशी. एका हातात छत्री, दुसऱ्यात पर्स, आणि कपाळावर आठ्यांचं जाळं.

"मी गेले असं कळलं," मावशी म्हणाली. "म्हटलं, निदान कुठे गेले ते तरी विचारून यावं."

ताई चौकटीला धरून खाली बसली आणि लहान पोरीसारखी मोठ्याने रडायला लागली. मावशी छत्री भिंतीला टेकवून, गुडघे कुरकुरत असतानाही, तिच्याजवळ खाली बसली.

झालं होतं असं की शेवटच्या क्षणी तिच्याजवळ कोण होतं ते विचारायला मामेभावाने मावशीच्या घरी फोन लावला, आणि तो मावशीनेच उचलला. त्याची बोबडी वळली. मावशीने सगळं काढून घेतलं, त्याच्याकडून ग्रुपवरचा मेसेज मोठ्याने वाचून घेतला, आणि बजावलं की खबरदार, ताईला चकार शब्द कळवलास तर. मीच जाते. एवढं सांगून ती बसला उभी राहिली.

"आता सांग," मावशी म्हणाली. "कोण दोन दिवस जेवलं नव्हतं? कुणाला हात लावायची हिंमत होत नव्हती?"

ताईने डोळे पुसले आणि टाकीकडे बोट दाखवलं. आता लपवून काय उपयोग? तिने सगळं सांगितलं: मावशी कशी चालायला लागली, पंख्यात जाईल म्हणून पंखे कसे बंद केले, आणि दीड तासातला तास संपत आलाय, आता लावले तर ही मरेल आणि न लावले तर मासे मरतील.

मावशीने चष्मा लावला आणि काचेला नाक टेकवलं. "या बयेला माझं नाव?"

"बसली की उठत नाही," ताई खाली मान घालून म्हणाली. "समोर खाणं आल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि जवळ जाईल त्याला डंख."

मावशीची नजर त्या दोन माशांवर गेली. ते आता खडक सोडून कोपऱ्यात आले होते आणि आक्रसलेल्या हातांत शिरायला बघत होते. ती त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मग तिने मान वर केली आणि दिव्याकडे पाहिलं. "हे काय टांगलंयस इथे?"

ताईनेही वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दोन दिवस त्या नवरीच्या गाऊनने निम्मा दिवा झाकून टाकला होता. खडकावर अंधार पडला होता, आणि उजेड उरला होता तो फक्त पंख्याच्या कोपऱ्यात. बिचारी उजेडाच्या मागे निघाली होती.

"आणि म्हणे उठत नाही," मावशी म्हणाली. "माणसाला नकोसं केलं की ते उठतंच."

गाऊन उतरवला. पण पंख्याचं काय? मावशीने गाऊनचा घेर उलटा केला, आतलं ताठ जाळीचं कापड चिमटीत धरलं आणि विचारलं की यातलं उरलंय का. उरलं होतं, टेबलाखालच्या पिशवीत. मग दोघी कामाला लागल्या. ताईने मापाच्या फितीने पंख्यांचं माप घेतलं, मावशीने जाळी कापली, आणि मासे तोंडांची उघडझाप करत असताना दोघींनी एकेक पिशवी हाताने शिवायला घेतली, तोंडाला इलॅस्टिक घालून. त्यातून पाणी जाईल पण मावशी जाणार नाही, एवढीच बारीक जाळी.

शिवता शिवता ताईने विषय काढला. सुई हातात असली की तिला बोलायला सोपं जायचं. "मावशी, ती म्हण मी बोलायला नको होती. मला तीन वर्षं रोज वाटलं."

मावशीने दोरा दाताने तोडला. "म्हण खोटी नव्हती. पाच महिने राहिले म्हणजे माझी अक्कल गेलीच होती. पण मला त्या रिकाम्या घरात परत जायचं नव्हतं गं. आणि तसं सांगायची लाज वाटली." मग तिने ताईच्या हातातली पिशवी घेतली, उलटी करून शिवण बघितली आणि म्हणाली, "बरी आहे."

ताईच्या हिशेबाने ती तिसरी शाबासकी.

पंखे लागले तेव्हा दीड तासाला दोन मिनिटं कमी होती. जाळीतून पाणी वाहायला लागलं, मासे हुशार झाले, आणि मावशी कोपऱ्यात का होईना, हळूहळू फुगायला लागली. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. धाकटी हुंदके देत होती. मावशीने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "बोल, मी गेलेली बोलतेय." पलीकडे काय पडलं ते कळलं नाही, पण आवाज मोठा आला.

संध्याकाळी खड्ड्यातून बाहेर आलेल्या नवऱ्याने घाबरून फोन केला की मावशी कशी आहे. ताईने विचारलं, कोणती? नवरा इतका हसला की ताईला फोन कानापासून लांब धरावा लागला.

आता ही परत खडकावर कधी जाणार, असं मावशीने त्याला विचारून घेतलं. तो म्हणाला, तिच्या मनावर आहे, दोन दिवस लागतील नाहीतर दहा. घाई केली तर बिघडतं.

"मग ती जागेवर बसेपर्यंत थांबते," मावशी म्हणाली. "बसली की जाईन."

निळा कोट तिने घालून पाहिला, एकाच बाहीचा. दोन्ही बाजूंनी अर्धा इंच आत घ्यावा लागणार होता. इतकी ती वाळली होती, आणि ते बघून ताईला परत भरून आलं. ती जोडलेली बाही मावशीने उलटून बघितली, शिवण साफ वाकडी होती. "ही उसवायची नाही," मावशी म्हणाली. "दुसरी सरळ लाव."

टाकीतली मावशी रोज थोडी थोडी सरकत होती. आधी काचेवरून खाली उतरली, मग वाळूवर दोन दिवस काढले, मग खडकाच्या पायथ्याशी आली. नवरा परत आला, त्याने जाळीच्या पिशव्या बघून बायकोला सलाम ठोकला. मावशी रोज सकाळी एकच विचारायची, बसली का? आणि ताई म्हणायची, अजून नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ताई आणि नवरा पुढच्या खोलीत आले. खडकाच्या माथ्यावर, अगदी जुन्या जागी, ताटाएवढी मावशी पूर्ण फुलून बसली होती आणि दोन्ही मासे तिच्या कुशीत लोळत होते. तिच्या तोंडात कोळंबीचा तुकडा होता. वार होता गुरुवार. म्हणजे कुणीतरी आधीच उठून, सगळं बघून, तिला खाऊ घालून गेलं होतं.

नवरा तोंड उघडून काहीतरी बोलणार, तोच ताईने त्याच्या पायावर पाय दिला.

"बसली का गं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"नाही अजून," ताई म्हणाली.

मावशी चहाचे दोन कप घेऊन आली. टाकीसमोर उभी राहिली, चष्मा वर सारून नीट बघितलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. "हो गं," ती म्हणाली. "अजून नीट बसलेली नाही."

मग तिने दोन्ही कप टेबलावर ठेवले, मशीनची खुर्ची आपल्या उंचीची करून घेतली, आणि बसली.